दहापैकी किती?

ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा १ कोटी २६ लाख डॉलरला विकला गेला. त्या वेळच्या दराने हे जवळपास शंभर कोटी रुपये होतात. तुकडा केवढा? रुंदी सुमारे पावणेतीन इंच, उंची पावणेचार इंच. त्यावर न्यूयॉर्क यँकीज संघाचा बेसबॉलपटू मिकी मँटल याचे रंगीत चित्र. टॉप्स या कंपनीने १९५२ साली च्युइंग गमच्या पाकिटातून मुलांना जी कार्डे वाटली, त्यांतले हे ३११ क्रमांकाचे. ते जगात एकच असते तर या किमतीचे एवढे नवल वाटले नसते. पण कार्डांची परीक्षा करणाऱ्या एकट्या पीएसए या संस्थेनेच हे कार्ड हजाराहून अधिक वेळा तपासलेले आहे. घड्या पडलेले, कोपरे झिजलेले हेच कार्ड त्या किमतीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी पैशांत मिळते. चित्र तेच, शाई तीच, कारखानाही तोच. फरक आहे तो फक्त ‘अवस्थे’चा. विकल्या गेलेल्या कार्डाला एसजीसी या परीक्षक संस्थेने दहापैकी साडेनऊ गुण दिले होते. हे गुण कोण देतो, कशावरून देतो आणि त्यांवर किती भरवसा ठेवावा, हा या लेखाचा विषय. माझे म्हणणे थोडक्यात असे : हा आकडा म्हणजे मोजमाप नव्हे, जाणकाराचे मत आहे, आणि त्या मताचा खरा उपयोग कार्ड किती देखणे आहे हे सांगण्यापेक्षा ते किती प्रामाणिक आहे हे सांगण्यात आहे.

मुळात ही कार्डे जपून ठेवण्यासाठी कोणी छापलीच नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती सिगारेटच्या पाकिटात यायची. पाकीट दबू नये म्हणून आत एक जाड कागद लागे. त्यावर खेळाडूचे चित्र छापले की गिऱ्हाईकही पुन्हा तेच पाकीट मागे. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेली अशी पाचशेहून अधिक निरनिराळी कार्डे आज ‘टी-२०६’ या नावाने ओळखली जातात. हे नाव कंपनीचे नव्हे. सिराक्यूज शहरातल्या जेफरसन बर्डिक या संग्राहकाने अमेरिकेतल्या छापील कार्डांची जी सूची तयार केली, तिच्यातला हा क्रमांक. ‘टी’ म्हणजे तंबाखू. बर्डिकने तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली. ती देताना त्याने काय केले? अल्बममध्ये खळीने चिकटवून टाकली. आजच्या परीक्षकाच्या हाती त्यांतले एखादे कार्ड दिले, तर मागच्या बाजूच्या डागांपायी ते सपाटून आपटेल. पण बर्डिकच्या लेखी कार्ड म्हणजे इतिहासाचा कागद होता. कोपरा किती टोकदार आहे हा प्रश्न त्याच्यासाठी महत्त्वाचा नव्हता. १९६३ साली तो वारला, तोपर्यंत ‘अवस्था’ या गोष्टीला आजच्यासारखा भाव आलेला नव्हता. तंबाखूनंतर गम आला आणि कार्डे मुलांच्या हाती पडली. मुलांनी त्यांचे मुलांनी करायचे तेच केले : रबरबँड लावून गठ्ठे बांधले, भिंतीशी फेकून खेळले, सायकलच्या आऱ्यांत अडकवून फडफड वाजवली, खेळाडूने संघ बदलला की पेनाने नवे नाव लिहिले. आणि जी विकली गेली नाहीत त्यांचे काय झाले? १९५२च्या कार्डांची आखणी करणारे टॉप्सचे साय बर्गर यांनीच सांगितले आहे, की उरलेली खोकी १९६०च्या सुमारास तराफ्यावर लादून अटलांटिक महासागरात बुडवली. म्हणजे जे वापरले गेले ते झिजले आणि जे वापरले गेले नाही ते बहुतेक नष्ट झाले. न वापरताही जे उरले ते अपवादाने उरले. कोट्यवधींचे ते मँटल कार्डही १९८६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात उजेडात आलेल्या, मुलांच्या हाती कधीच न पडलेल्या साठ्यातले आहे.

अवस्थेला आकडा लावण्याची कल्पना नाण्यांच्या व्यवहारातून आली. विल्यम शेल्डन या अमेरिकी अभ्यासकाने १९४९ साली जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. सत्तर गुणांचे नाणे एक गुणाच्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचे असावे, असा तिच्यामागचा हिशेब होता. किमतीचे ते गणित पुढे टिकले नाही, मोजपट्टी मात्र टिकली. नाण्यांच्या परीक्षणाची संस्था १९८६मध्ये काढणाऱ्यांपैकी डेव्हिड हॉल यांनी १९९१ साली कार्डांसाठी पीएसए सुरू केली. पुढे एसजीसी आणि बेकेट या संस्था आल्या. पद्धत सगळीकडे साधारण सारखीच : कार्ड पाठवायचे, शुल्क भरायचे, परीक्षक ते तपासून १ ते १० यांपैकी गुण देतो आणि कार्ड प्लास्टिकच्या कडक पारदर्शक डबीत कायमचे बंद करतो. या डबीला व्यवहारात ‘स्लॅब’ म्हणतात. दहा म्हणजे ‘जेम मिंट’, नऊ ‘मिंट’, आठ ‘निअर मिंट-मिंट’ अशी उतरंड आहे. या उतरंडीत ‘गुड’ हा शब्द चक्क दुसऱ्या पायरीवर, म्हणजे दहापैकी दोन गुणांना येतो. विक्रेत्याच्या तोंडी ‘गुड कंडिशन’ आले की नवख्या माणसाने खूश होण्याचे कारण नाही, ते यामुळे. शब्द सैल पडले होते म्हणूनच आकड्यांची गरज भासली, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

परीक्षक पाहतो त्या गोष्टी मुख्यतः चार : चित्र मध्यावर आहे की नाही, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. ही यादी पाठ करण्यापेक्षा दोषांचे मूळ पाहून त्यांचे गट पाडले, तर विषय लवकर उमगतो. पहिला गट जन्मजात दोषांचा. कार्डे मोठ्या तावावर छापून मग कापली जात. कापणारे पाते जरा सरकले, की एका बाजूची पांढरी समास-पट्टी रुंद आणि दुसरीकडची अरुंद होते. याला ‘सेंटरिंग’ म्हणतात आणि ते टक्क्यांत सांगतात. ५०/५० म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. दर्शनी बाजूचे प्रमाण ५५/४५पेक्षा बिघडलेले असेल, तर पीएसएकडून दहा गुणांची आशा धरू नये. छपाईतले ठिपके, एकावर एक नीट न बसलेले रंग, खडबडीत कापलेली कड हेही जन्मजातच. दुसरा गट आयुष्याने दिलेल्या दोषांचा : बोथट कोपरे, घड्या, पाण्याचे, गमचे किंवा पाकिटाच्या मेणाचे डाग, पेनाच्या खुणा. स्पष्ट दिसणारी एक घडी कार्डाला बहुधा चार गुणांवर किंवा त्याखाली आणते. मग कोपरे कितीही टोकदार असोत. बारीक घडी सरळ पाहिले तर दिसतही नाही. म्हणून जाणकार दिव्याखाली कार्ड तिरपे धरून हळूहळू फिरवतो आणि पृष्ठभागावरून सरकणारा उजेड कुठे तुटतो ते पाहतो. कोपऱ्यांसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते.

मात्र ही तपासणी यंत्रवत करता येत नाही, कारण प्रत्येक संचाची प्रकृती वेगळी असते. टॉप्सच्या १९७१च्या कार्डांची किनार काळी आहे. काळ्या किनारीवर टाचणीच्या टोकाएवढा रंग उडाला तरी आतला पांढरा पुठ्ठा डोळ्यांत भरतो. पांढऱ्या किनारीच्या कार्डावर तेवढीच झीज झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून १९७१चे आठ गुणांचे कार्ड दुसऱ्या एखाद्या वर्षाच्या आठ गुणांच्या कार्डापेक्षा कितीतरी दुर्मीळ ठरते. टी-२०६मधल्या ‘अमेरिकन ब्यूटी’ या सिगारेटच्या जाहिरातीची कार्डे मुळातच किंचित अरुंद कापलेली असतात, कारण त्या सिगारेटचे पाकीटच अरुंद होते. फक्त मोजपट्टी लावणारा त्यांना छाटलेली ठरवून मोकळा होईल. गाउडी गम कंपनीच्या १९३३च्या संचात नॅप लॅजॉय या खेळाडूचे १०६ क्रमांकाचे कार्ड नव्हतेच. ज्यांनी पत्र लिहून तक्रार केली त्यांना ते पुढच्या वर्षी छापून टपालाने पाठवले गेले, तेही पत्राला कागदी चिमट्याने अडकवून. त्या चिमट्याचा वळ आजही यातल्या अनेक कार्डांवर दिसतो. गुणांच्या हिशेबात तो दोष आहे. अभ्यासकाच्या हिशेबात मात्र ते कार्ड कोणत्या वाटेने आले याचा तो पुरावा आहे. एकच खूण एका वहीत उणे पडते आणि दुसऱ्या वहीत जमा होते.

तिसरा गट मात्र या दोन्हींहून निराळा. हे दोष जन्माने येत नाहीत की वापराने येत नाहीत. ते कुणीतरी मुद्दाम केलेले असतात आणि गंमत अशी, की ते दोषासारखे दिसतच नाहीत. झिजलेली कड धारदार पात्याने केसभर छाटली की कोपरे पुन्हा टोकदार होतात. उडालेल्या काळ्या किनारीवर शाईचे टोक फिरवले की ती अखंड दिसते. घडी ओलसर करून दाबली की काही काळ मिटते. गोलावलेल्या कोपऱ्यावर कागदाचा लगदा बसवून नवा कोपराही उभा करता येतो. परीक्षकाचे खरे कसब इथे लागते. शंभर वर्षांच्या पुठ्ठ्याची कड जुनाट, किंचित पिवळसर असते; ताजी कापलेली कड पांढरी आणि नको तितकी करकरीत दिसते. नंतर लावलेली शाई कागदाच्या तंतूंत शिरते, ते भिंगाखाली कळते. अतिनील दिवाही कामी येतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात जी रसायने घालू लागले, ती या दिव्याखाली निळसर चमकतात. १९१० सालचे म्हणून दाखवलेले कार्ड तसे चमकले तर ते त्या काळचे नाही, किंवा त्याला पुढे काहीतरी फासले आहे. फेरफार सापडला तर संस्था त्या कार्डाला गुण देत नाही. अस्सल आहे पण बदललेले आहे, एवढाच शेरा मिळतो. म्हणजे या व्यवसायाच्या स्वतःच्या नियमांतच एक नैतिक रेघ आहे : झिजलेल्याला एक गुण तरी मिळतो, छाटलेल्याला शून्यही मिळत नाही.

ही रेघ कशी ओलांडली जाते याचे सर्वांत मोठे उदाहरण या छंदातल्या सर्वांत प्रसिद्ध कार्डाचेच आहे. टी-२०६ संचातले पिट्सबर्ग पायरट्सच्या होनस वॅग्नरचे कार्ड अतिशय दुर्मीळ आहे. वॅग्नरने हरकत घेतल्यामुळे त्याची छपाई लवकर थांबली, असे मानले जाते. बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने १९८५ साली यातले एक कार्ड २५ हजार डॉलरला घेतले आणि दोन वर्षांनी १ लाख १० हजारांना विकले. १९९१मध्ये ते हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले. नव्याने सुरू झालेल्या पीएसएने गुण दिलेले पहिले कार्ड ते हेच, गुण आठ. ऐंशी वर्षांच्या सिगारेट-कार्डाच्या कडा इतक्या कोऱ्या कशा, अशी कुजबुज तेव्हापासूनच होती. तरीही डबीवरच्या आकड्याने आपले काम चोख केले : २००७मध्ये ते २८ लाख डॉलरला गेले. पुढे लिलावातल्या फसवणुकीच्या खटल्यात २०१३ साली मास्ट्रोने गुन्हा कबूल केला, तेव्हा या कार्डाच्या बाजू आपण छाटल्या होत्या हेही मान्य केले. परीक्षेच्या इतिहासातले पहिलेच उत्तर चुकले होते. आणि चूक कोपऱ्याच्या अर्ध्या-पाव गुणाची नव्हती. ज्या प्रश्नासाठी परीक्षक हवा होता, त्याच प्रश्नाची होती.

एका चुकीवरून सगळी पद्धत निकालात काढणे न्याय्य नाही, हे खरे. पण या पद्धतीच्या रचनेतच एक ओढ आहे. ‘मिंट’ नऊ आणि ‘जेम मिंट’ दहा यांतला फरक साध्या डोळ्यांना बहुधा दिसत नाही. किमतीत मात्र तो अनेक पटींचा असू शकतो. गुण पायरीपायरीने चढतात आणि किंमत वरच्या पायऱ्यांवर कड्यासारखी उभी चढते. म्हणून नऊचे कार्ड डबी फोडून पुन्हा तपासायला पाठवायचे, एखाद्या वेळी दहा येतात का पाहायचे, हा इथला नित्याचा उद्योग आहे. तेच कार्ड, तीच संस्था आणि तरी निराळे गुण, असे घडू शकते याची कबुलीच या उद्योगात आहे. मोजपट्टीने टेबलाची लांबी दोनदा मोजली तर उत्तर बदलत नाही; मत मात्र दुसऱ्या दिवशी बदलू शकते. आणि जिथे एवढ्याशा फरकाला एवढा पैसा, तिथे पाते हाती घेणारेही निघणारच. २०१९ साली काही चिकित्सक संग्राहकांनी जुन्या लिलावांतली छायाचित्रे आणि नंतर डबीत आलेली कार्डे शेजारी ठेवून दाखवले, की छपाईचे तेच ठिपके असलेली तीच कार्डे मध्यंतरी आकाराने लहान आणि गुणांनी मोठी झाली होती. चोरी पकडली ती नुसत्या नजरेने, आणि पकडणारे परीक्षक नव्हते, ग्राहक होते.

यावर पहिला आक्षेप असा, की मत असले तरी ते तिऱ्हाइताचे आहे. ते नसते तर कॅलिफोर्नियातला माणूस न्यू जर्सीतल्या अनोळखी विक्रेत्याकडून कार्ड कसे घेणार? आक्षेप रास्त आहे. विकणारा स्वतःच्या मालाला नेहमी चढते गुण देतो, घेणारा उतरते. दोघांत तिसरा हवाच. मी ग्रेडिंगच्या, म्हणजे गुण देण्याच्या, विरोधात नाही. आकड्याला निकाल समजण्याच्या विरोधात आहे. डॉक्टरचे निदान आपण मानतो, पण ते मत आहे हे जाणून मोठ्या शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरला विचारतो. तेवढी सावधगिरी इथेही हवी. शिवाय तिऱ्हाईत हाही व्यवसायच आहे. त्याचे शुल्क अनेकदा कार्डाच्या किमतीनुसार चढते आणि कामाचा रेटा प्रचंड असतो. मार्च २०२१च्या अखेरीस कार्डांचा ढीग आवरेना म्हणून पीएसएला आपल्या बहुतेक सेवा काही काळ थांबवाव्या लागल्या होत्या. अशा रेट्यात एका कार्डाच्या वाट्याला किती वेळ येत असेल याची कल्पना करता येते.

दुसरा आक्षेप आधुनिकांचा : माणूस चुकतो, तर यंत्राला पाहू द्या. सेंटरिंग मोजण्यात, कडेची लांबी-रुंदी घेण्यात, आधी तपासलेले कार्ड पुन्हा आले तर ओळखण्यात यंत्र माणसापेक्षा सरस ठरेल, यात शंका नको. छाटणी पकडण्यासाठी तर ते हवेच. पण किंचित बोथट कोपरा आणि किंचित सरकलेले चित्र यांत अधिक वाईट काय, याचे उत्तर निसर्गात कुठे लिहिलेले नाही. ते माणसांनी ठरवायचे आहे. बेकेट संस्था चारही बाबींचे गुण वेगवेगळे छापते, तरी एकूण गुण त्यांच्या साध्या सरासरीने ठरत नाहीत. म्हणजे वजन कशाला किती, हा निवाडा शेवटी उरतोच. यंत्र आले की तोच निवाडा आधीच करून आत भरलेला असेल, एवढेच. मत मतच राहील. फक्त ते कोणाचे हे दिसेनासे होईल.

तिसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. प्रामाणिकपणाची रेघ तरी कुठे मारायची? अल्बमला चिकटलेले जुने कार्ड साध्या पाण्यात भिजवून सोडवणे बहुतेक संग्राहक खपवून घेतात. पृष्ठभागावरचे मेण मऊ कापडाने पुसणेही चालते. रसायनाने डाग काढणे चालत नाही. संग्रहालयातले तज्ज्ञ तर फाटलेले चित्र बिनदिक्कत सांधतात. मग पापपुण्य कशावरून? माझ्या मते उत्तर कृतीत शोधायचे नाही, ती लपवण्यात शोधायचे. संग्रहालयातला तज्ज्ञ काय केले याची नोंद ठेवतो. पाते चालवणाऱ्याचा सगळा धंदा नोंद नसण्यावर चालतो. भिजवलेले कार्ड ‘भिजवलेले’ म्हणून विकले तर कोणी फसत नाही. बाजारालाही हे हळूहळू उमगत असावे. ऑगस्ट २०२१मध्ये दुसरे एक वॅग्नर कार्ड लिलावात आले. गुण अवघे तीन. झीज उघडी, लपवालपवी काही नाही. ते गेले ६६ लाख ६ हजार डॉलरला. पुढच्या वर्षी दोन गुणांचे एक कार्ड खासगी व्यवहारात ७२ लाख ५० हजारांना गेले. मधल्या काळात सगळाच बाजार चढला होता, हे खरे. म्हणून २००७च्या किमतीशी त्यांची थेट तुलना करू नये. पण दहापैकी दोन-तीन गुणांना एवढी रक्कम मोजणारा माणूस आकडा विकत घेत नव्हता, हे तरी त्यातून दिसते.

म्हणून जुने कार्ड हाती आले की प्रश्नांचा क्रम असा असावा : हे त्या काळचे आहे का? त्याला कोणी हात लावला आहे का? आणि मग, ते किती झिजले आहे? डबीवरचा आकडा मुख्यतः तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, म्हणून तो शेवटी वाचावा. समान गुणांची दोन कार्डे समोर असतील, तर डोळ्यांना जे आवडेल ते घ्यावे. ही गोष्ट परक्या खेळाची असली तरी तिचे मूळ नाण्यांत आहे आणि नाणी आपल्याही घरांत आहेत. आजोबांच्या पेटीत एखादी शिवराई सापडली, की तिला चिंच-मीठ लावून लखलखीत करण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरा. तांब्यावरचा काळसर थर हा मळ नव्हे, तीनशे वर्षांची साक्ष आहे. घासलेले नाणे जाणकार लगेच ओळखतो आणि त्याचा भाव उतरतो. जुनी वस्तू हाती आली तर ती घासू नका, कापू नका, चिकटवू नका. आहे तशी कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.